साहेबापुढचा चेहरा

(छत्रपती संभाजीनगर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



चेहरा हा मनाचा आरसा आहे, असे शाळेतल्या सुविचाराच्या फळ्यापासून नाटकाच्या तालमीपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. हे विधान खरे मानले तर त्यातून एक प्रश्न उभा राहतो. हा आरसा जगभर एकाच घडणीचा आहे काय? मराठवाड्यातील शेतमजूर, जपानमधील विद्यार्थी आणि न्यू गिनीच्या डोंगरातील आदिवासी यांच्या चेहऱ्यांवर राग, भय, शोक आणि किळस एकाच रीतीने उमटतात, की भाषेप्रमाणे चेहऱ्याच्याही बोली निरनिराळ्या आहेत? शास्त्रज्ञांमध्ये हा वाद गेली दीडशे वर्षे चालू आहे.

पक्षाच्या अभ्यासवर्गात या वादाचे काय काम, असे कोणी विचारील. ते विचारणे रास्तच आहे. परंतु हा वाद जेव्हा शास्त्रीय रूपात प्रथम मांडला गेला, तेव्हा महाराष्ट्रातील सामान्य माणसाला त्यात साक्षीदार म्हणून बोलावण्यात आले होते, आणि त्याने साक्ष देण्याचे नाकारले होते. त्या नकाराचा अर्थ लावणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. आज तर चेहरे वाचणारी यंत्रे कारखान्यांच्या, शाळांच्या आणि पोलीस ठाण्यांच्या दाराशी येऊन उभी राहिली आहेत. त्यामुळे हे काम अधिकच निकडीचे झाले आहे.

१८६७ साली चार्ल्स डार्विन यांनी सोळा प्रश्नांची एक यादी छापून जगाच्या निरनिराळ्या भागांत राहणाऱ्या निरीक्षकांकडे पाठवली. आश्चर्य वाटले असता डोळे आणि तोंड उघडतात काय, भुवया वर चढतात काय? लाज वाटली असता चेहरा लाल होतो काय, आणि कातडीच्या रंगामुळे तो दिसू शकतो काय? संतापलेला माणूस कपाळाला आठ्या घालून, मान ताठ करून मुठी आवळतो काय? अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. त्यांना छत्तीस उत्तरे आली. उत्तर देणाऱ्यांत अनेक जण मिशनरी होते. या उत्तरांच्या आधारे १८७२ साली डार्विन यांनी माणूस आणि प्राणी यांच्या भावनाविष्कारावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. मुख्य मुख्य भावना सर्व मानववंशांत सारख्याच रीतीने प्रकट होतात, असा निष्कर्ष त्यांनी त्यात काढला.

या निष्कर्षामागील सामाजिक आशय ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेतील गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी जेमतेम सात वर्षे झाली होती. गोरा आणि काळा ही मुळातच दोन वेगळ्या जातींची प्रजा आहे, असे विद्वत्तेचा आव आणून सांगणारे लोक युरोपात आणि अमेरिकेत पुष्कळ होते. शोकाने कपाळावर पडणारी सुरकुती जर सर्वांची एकच असेल, तर सर्वांचे मूळही एकच असले पाहिजे, असा डार्विन यांचा युक्तिवाद होता. म्हणजे चेहऱ्याची सार्वत्रिकता हे आरंभी मानवी समतेच्या बाजूचे प्रमाण होते. 'हे विदेशी विज्ञान आपल्याला काय सांगणार' असे म्हणून ते उडवून लावणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत अहमदनगर जिल्ह्याचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, उल्लेख आहे. एच. अर्स्किन नावाचे गृहस्थ मुंबई इलाख्यातील या जिल्ह्यात राहत असताना त्यांनी डार्विन यांच्यासाठी तेथील लोकांच्या मुद्रा न्याहाळल्या. परंतु खात्रीने सांगावे असे काही त्यांच्या हाती लागेना. याचे कारण डार्विन यांनीच नमूद केले आहे. युरोपियन माणसासमोर आपल्या सर्व भावना झाकून ठेवण्याची तेथील लोकांना सवय होती. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातून मात्र जे. स्कॉट यांनी तेथे कामाला असलेल्या नाना जमातींच्या माणसांची भरपूर निरीक्षणे पाठवली, आणि डार्विन यांनी त्यांची मोठी वाखाणणी केली.

शास्त्रज्ञाच्या दृष्टीने अहमदनगरची नोंद ही एक अडचण होती. ती सांगून डार्विन पुढे गेले. अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र तेथून पुढे जाता येत नाही. ज्या जिल्ह्यातील चेहऱ्यांवर साहेबाला काहीच वाचता आले नाही, त्या जिल्ह्यात तेव्हा काय चालले होते? अमेरिकन यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी १८६५ नंतर ओसरली होती. शेतमालाचे भाव कोसळले. त्याच सुमारास दख्खनमध्ये शेतसाऱ्याची फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. शेतकरी सावकाराकडे गेला. सावकाराने रोखे लिहून घेतले. आणि ते रोखे दिवाणी न्यायालयांत गेले की निकाल ठरलेला असे. हे सर्व सोसणारा माणूस कचेरीत साहेबासमोर हात जोडून उभा राहत होता, आणि त्याच्या मुद्रेवर काहीही दिसत नव्हते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. लवकरच हे लोण अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदा, कर्जत या तालुक्यांत पोहोचले. शेतकऱ्यांचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. कर्जरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून ते जाळण्यात आले. त्या मानाने माणसांना इजा फार थोडी झाली. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करणे त्याला भाग पडले. प्रश्नावली निघाल्यापासून अवघ्या आठ वर्षांत हा उठाव झाला. त्या जिल्ह्यात राग नव्हता, असे कोण म्हणेल? राग होता, आणि तो नेमका कोणत्या कागदावर काढायचा याचे भानही होते. तो साहेबाला दाखवायचा नाही, एवढेच शहाणपण लोकांनी पाळले होते. आपल्या भाषेत 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' हा वाक्प्रचार आहे. मार खाणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवलेला असताना त्या तोंडावर काय दिसते, याची नोंद घेऊन काय उपयोग?

आता विसाव्या शतकाकडे वळू. मार्गारेट मीड यांच्यासारख्या मानववंशशास्त्रज्ञांनी माणसाच्या घडणीत संस्कृतीला मध्यवर्ती स्थान दिले, आणि चेहऱ्याची भाषाही बोलीसारखी शिकावी लागते, हे मत प्रबळ झाले. वंशश्रेष्ठत्वाच्या विषारी कल्पनांना विरोध करण्याची प्रेरणा याही विचारामागे होती. म्हणजे समतेची चाड असणारी माणसे या वादाच्या दोन्ही बाजूंना होती. एक म्हणत होता, सर्वांचे मूळ एक म्हणून सर्व समान. दुसरा म्हणत होता, जो तो आपापल्या संस्कृतीने घडतो, म्हणून कोणी उच्च-नीच नाही.

१९६७-६८ मध्ये पॉल एकमन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ न्यू गिनीतील फोरे लोकांकडे गेले. या लोकांचा बाहेरच्या जगाशी, सिनेमाशी किंवा मासिकांतील चित्रांशी फारसा संबंध आलेला नव्हता. एकमन यांनी त्यांना छोट्या गोष्टी सांगितल्या. एकाचे मूल मेले आहे, दुसऱ्याला मित्र भेटायला आले आहेत, तिसरा भांडायच्या बेतात आहे. मग समोर ठेवलेल्या छायाचित्रांतून योग्य चेहरा निवडायला सांगितले. आनंद, दुःख, राग, किळस यांचे चेहरे फोरे लोकांनी बहुतांशी अपेक्षेप्रमाणे ओळखले. भय आणि आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत झाली. या प्रयोगांमुळे सहा मूलभूत भावना आणि त्यांचे सहा ठरावीक चेहरे ही कल्पना जगभर रूढ झाली.

त्या काळातील आणखी एक प्रयोग फारसा सांगितला जात नाही. अहमदनगरच्या नोंदीशी मात्र त्याचे जवळचे नाते आहे. जपानी आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना अंगावर शहारे आणणारे चित्रपट दाखवण्यात आले. ते एकटे असताना दोघांच्याही चेहऱ्यांवर सारखेच भाव उमटले. पांढरा कोट घातलेला संशोधक शेजारी येऊन बसला, तेव्हा जपानी विद्यार्थी अधिक स्मित करू लागले. एकमन आणि त्यांचे सहकारी वॉलेस फ्रीझन यांनी यावरून 'प्रदर्शनाचे नियम' अशी संज्ञा वापरली. भावना तीच, परंतु ती कोणासमोर किती दाखवायची याचे नियम समाज शिकवतो. या प्रयोगावरही पुढे टीका झाली आहे. परंतु पांढऱ्या कोटाच्या जागी कलेक्टर, सावकार, मुकादम किंवा सासरा बसला आहे अशी कल्पना केली, तर हे नियम कोण घालून देतो आणि ते कोणाला पाळावे लागतात, हा प्रश्न आपोआपच पुढे येतो. मानसशास्त्राने तो पुरेसा विचारला नाही. तो समाजशास्त्राचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे.

एकमन यांच्या सिद्धान्ताला नंतर मोठे धक्के बसले. समोर ठेवलेल्या चित्रांतून किंवा शब्दांतूनच निवड करायला लावली की उत्तरे जुळतात. तीच मोकळेपणाने विचारली की विखुरतात, हे दिसून आले. नामिबियातील हिंबा लोकांना २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्यांच्या छायाचित्रांचे गट स्वतःच्या मनाने पाडायला सांगितले. त्यांनी पाडलेले गट पाश्चात्त्य कोष्टकाशी जुळले नाहीत. डोळे विस्फारून श्वास रोखलेला जो चेहरा युरोपियन माणसाला भयाचा वाटतो, तो ट्रोब्रियांड बेटांवरील लोकांना धमकी देणारा वाटला, हे २०१६ साली पुढे आले. २०१९ साली लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी सुमारे हजारभर संशोधनलेखांचा आढावा घेतला. रागावलेली माणसे कपाळाला आठ्या घालतात हे खरे, परंतु सरासरीने दहापैकी जेमतेम तीन वेळा; आणि आठ्या तर एकाग्रतेनेही पडतात, पोटदुखीनेही पडतात. उलट २०२१ साली १४४ देशांतील साठ लाख चित्रफितींचा यंत्राच्या साहाय्याने झालेला एक अभ्यास सांगतो की, विशिष्ट प्रसंग आणि विशिष्ट मुद्रा यांची सांगड जगभर बऱ्याच अंशी सारखी आहे. लग्न, खेळ, फटाके अशा प्रसंगांच्या या चित्रफिती माणसांनी बहुधा स्वखुशीने लोकांपुढे ठेवलेल्या होत्या, हेही येथे विसरता कामा नये.

तात्पर्य, निसर्गाने सर्व माणसांना चेहऱ्याची सामग्री पुष्कळशी सारखी दिली आहे. ती केव्हा, कशी आणि कोणासमोर वापरायची, हे मात्र समाज ठरवतो. नाक मुरडणे आपल्याकडेही आहे आणि न्यू गिनीतही. चूक झाली की जीभ चावणे मात्र ओडिशातील लोकांनी लाजेची खूण म्हणून ओळखले आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना ते उमगले नाही, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. मराठी माणसाला 'जीभ चावली' याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या प्रश्नाचा विचार भारतात फार पूर्वी झालेला आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात एकोणपन्नास भाव सांगितले आहेत: आठ स्थायी, तेहतीस व्यभिचारी आणि आठ सात्त्विक. घाम, रोमांच, कंप, अश्रू हे जे सात्त्विक भाव, ते मनाच्या एकाग्रतेशिवाय नटाला आणता येत नाहीत, असेही त्यात मानले आहे. अहल्या हेजमाडी यांनी डेव्हिडसन आणि रोझिन यांच्यासह २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नाट्यशास्त्रातील वर्णनांप्रमाणे अभिनय केलेले दहा भाव चित्रफितीवर घेऊन ते भारतीय आणि अमेरिकन विद्यार्थ्यांना दाखवले, तर दोघांनीही ते चांगल्या प्रमाणात ओळखले. या शास्त्राचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु त्याच ग्रंथात हास्याचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, तेही नजरेआड करू नयेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे. विहसित आणि उपहसित मध्यमांचे. अपहसित आणि अतिहसित अधमांचे. वरच्याने दात न दाखवता मंद हसावे, आणि खदाखदा हसून डोळ्यांत पाणी आणावे ते खालच्याने. म्हणजे एकाच भावनेच्या सहा मुद्रा दर्जाप्रमाणे वाटून दिलेल्या आहेत. भरतमुनींनी हा भेद निर्माण केला असे नाही; समाजात जो होता तो रंगभूमीवर आणला. 'दात काढू नकोस' हे वाक्य आपल्या घरांत मुलीला जितक्या वेळा ऐकावे लागते तितके मुलाला लागत नाही, एवढे पाहिले तरी या वाटणीचे आयुष्य किती मोठे आहे हे कळते.

येथून सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील सोळाव्या लेण्यात एक स्त्री आसनावर कलंडली आहे. मान झुकली आहे, पापण्या मिटत आल्या आहेत, दासी तिला सावरीत आहेत. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, हे चित्र आहे. १८७२ पासून मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करू लागले. डार्विन यांचा ग्रंथही त्याच वर्षीचा, हा योगायोग. ग्रिफिथ्स या चित्रातील करुणेने भारावून गेले. युरोपियन रसिकांत ते 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने प्रसिद्ध झाले, आणि आजही मार्गदर्शक पर्यटकाला तेच नाव सांगतो.

परंतु अभ्यासकांनी कथा लावून पाहिली तेव्हा वेगळाच अर्थ निघाला. ती बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी आहे. पतीने संन्यास घेतला, आणि त्याने टाकलेला मुकुट घेऊन सेवक दारी आला. तो पाहून ती कोसळली आहे. अश्वघोषाच्या सौंदरनंद काव्याचा विषय हाच. आता पाहा: चौदाशे वर्षांनंतर आलेल्या परक्या माणसालाही तिच्या चेहऱ्यावरील दुःख ओळखता आले. एवढ्यापुरता डार्विन यांचा विजय मान्य केला पाहिजे. परंतु ती मरत नाही. तिला न विचारता तिचा संसार मोडण्यात आला आहे. हे चेहऱ्यावरून कळले नाही. मुकुट कोणाचा, तो कोणी आणला, आणि निर्णय कोणी घेतला, हे माहीत झाल्यावरच कळले. दुःख दिसते, दुःखाचे कारण दिसत नाही. आणि चळवळीचे काम कारणाशी असते.

अर्थशास्त्रात अशाच एका भ्रमाचा इतिहास आहे. माणूस बाजारात काय विकत घेतो यावरून त्याची पसंती ओळखावी, मनात डोकावण्याची गरज नाही, असा विचार पॉल सॅम्युअलसन यांनी १९३८ साली मांडला. शास्त्र म्हणून त्याचा उपयोग मोठा आहे. पण ज्याच्या खिशात दमडी नाही त्याने तूप घेतले नाही, यावरून त्याला तूप आवडत नाही असे ठरवायचे काय? खरेदीवरून पसंती ओळखायची तर खरेदी करणाऱ्याजवळ पैसा हवा. तसेच मुद्रेवरून भावना ओळखायची तर ती मुद्रा धारण करणाऱ्याजवळ मोकळीक हवी.

याही पलीकडे एक अवस्था आहे. दाबलेला माणूस आपले दुःख कालांतराने स्वतःपासूनही लपवू लागतो. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ साली, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात विधवा आणि विधुर यांची आरोग्यविषयक पाहणी झाली. अमर्त्य सेन यांनी ती वारंवार उद्धृत केली आहे. आपली प्रकृती वाईट किंवा यथातथा आहे, असे विधुरांपैकी ४८.५ टक्क्यांनी सांगितले. विधवांपैकी फक्त २.५ टक्क्यांनी. विधवांची प्रकृती अधिक चांगली होती असे कोणीही समंजस माणूस मानणार नाही. आपली प्रकृती ही तक्रार करण्याजोगी गोष्ट आहे, हेच त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

मराठवाड्याला यासाठी बंगालकडे पाहण्याचे कारण नाही. दर हंगामात बीड जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल डोक्यावर असते. एका दिवसाच्या खाड्याचा दंड भरावा लागतो. पाळीच्या दिवसांतही मोळी उचलावी लागते. या स्त्रिया बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर सर्वांच्या डोळ्यांसमोरून जात-येत होत्या. त्यांचे चेहरे कोणी पाहिले नव्हते असे नाही. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांची माहिती घेण्यात आली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढून टाकलेले असल्याचे उघड झाले. कोणत्याही मुद्रेवरून हा आकडा वाचता आला नसता. कोणीतरी जाऊन विचारले, म्हणून तो कळला.

आणि आता यंत्रे आली आहेत. कॅमेऱ्यासमोरचा चेहरा पाहून माणूस रागावला आहे, कंटाळला आहे की घाबरला आहे हे सांगण्याचा दावा करणारी संगणकप्रणाली हा आज मोठा व्यापार आहे. तिचा पाया बहुतांशी त्याच सहा ठरावीक चेहऱ्यांच्या कल्पनेवर घातलेला आहे. शास्त्रज्ञांत जी कल्पना वादग्रस्त ठरली, ती बाजारात पक्की वस्तू म्हणून विकली जात आहे. जानेवारी २०२१ मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केले की, संकटात सापडलेल्या स्त्रीची मुद्रा ओळखून जवळच्या ठाण्याला इशारा देणारे कॅमेरे शहरात बसवण्यात येतील. हेतू चांगला असेल. परंतु रस्त्यावरून जाणाऱ्या स्त्रीच्या कपाळावरील आठी उन्हाची, बाजारभावाची की गुंडाची, हे यंत्राला कोण सांगणार? आणि पोलिसांना पाहून जिचा चेहरा निर्विकार होतो, तिला ते यंत्र सुरक्षित समजणार काय?

कारखान्यात आणि दुकानात याचा अर्थ आणखी स्पष्ट आहे. आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात विमानातील सेविकांच्या कामाचे विश्लेषण केले. प्रवासी कसाही वागला तरी हसतमुख राहणे हाच त्यांच्या कामाचा भाग. म्हणजे हसू हेही श्रमच, आणि मालक ते विकत घेतो. आज मॉलमधील मुलगी, कॉल सेंटरमधील तरुण आणि घरपोच जेवण पोहोचवणारा मुलगा हे तेच श्रम करतात; शेवटच्याला तर हसण्याचे गुण ग्राहकच मोबाइलवर देतो. त्यावर यंत्राची देखरेख आली, तर कामगाराच्या हातांप्रमाणे त्याच्या गालांचे स्नायूही हजेरीपटावर चढतील. अहमदनगरच्या माणसाला निदान साहेब निघून गेल्यावर चेहरा मोकळा करता येत होता. यंत्र निघून जात नाही.

याला आवर घालता येतो. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची आपली सार्वजनिक सेवा मागे घेतली. युरोपीय संघाने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी केलेल्या कायद्यानुसार २ फेब्रुवारी २०२५ पासून कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या प्रणालींच्या वापराला बंदी आहे. वैद्यकीय आणि सुरक्षिततेच्या कारणांपुरताच अपवाद ठेवला आहे. भारतात २०२३ साली वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात अशी स्वतंत्र बंदी नाही. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कामगार संघटनांनी वेतनकरारात वेतनवाढीच्या आणि सुरक्षेच्या कलमांबरोबर हेही कलम मागावे: कामगाराच्या मुद्रेची यंत्राने नोंद घेतली जाणार नाही आणि तिच्या आधारे बढती, दंड किंवा कपात होणार नाही. ही मागणी आज काहींना चमत्कारिक वाटेल. आठ तासांची मागणीही एके काळी चमत्कारिकच वाटली होती.

कार्यकर्त्याने स्वतःच्या कामाकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तोही जेव्हा पांढरेशुभ्र कपडे घालून, गाडीतून उतरून, सरपंचाला बरोबर घेऊन वस्तीवर जातो, तेव्हा वस्तीच्या दृष्टीने तो साहेबच असतो. समोरच्यांचे हसरे चेहरे पाहून 'लोक समाधानी आहेत' असा अहवाल लिहिणारा कार्यकर्ता अर्स्किन यांच्याही मागे आहे. कारण आपल्याला खात्रीचे काही कळले नाही, एवढे तरी अर्स्किन यांनी प्रामाणिकपणे कळवले होते. म्हणून पाहणीला जाताना सरपंच, मुकादम, मालक यांना बरोबर नेऊ नये. स्त्रियांशी स्त्री कार्यकर्तीने, घरातील पुरुष समोर नसताना बोलावे. एकदा जाऊन भागत नाही. पुन्हा पुन्हा गेले पाहिजे. चेहऱ्यावरून अंदाज बांधण्याऐवजी उचल किती घेतली, खाडे किती धरले, मजुरी हातात किती पडली, दवाखान्याला किती गेले, हे विचारावे आणि लिहून घ्यावे.

चेहरे सर्वत्र सारखे आहेत काय, या प्रश्नाला विज्ञानाने दिलेले उत्तर अजून अपुरे आहे, आणि पुढील संशोधन ते पुरे करील. आपले काम निराळे आहे. ज्याला राग आला आहे त्याला तो मालकासमोर, अधिकाऱ्यासमोर, नवऱ्यासमोर न भिता दाखवता यावा, आणि दाखवल्याबद्दल त्याची रोजी जाऊ नये, अशी परिस्थिती आणणे म्हणजेच लोकशाही रोजच्या जगण्यात आणणे होय. ती आल्यानंतर अहमदनगरात काय किंवा अजिंठ्याच्या पायथ्याशी फर्दापुरात काय, कोणी प्रश्नावली घेऊन गेला तर त्याला खात्रीचे उत्तर मिळेल.